सोलापूरहून सिंधुपाल्चोकला : शिकवायला आणि घर बांधायला गेलेल्या एका जोडप्याचे प्रकरण

परदेशी सेवेसाठी जाऊ इच्छिणारी निवृत्त मंडळी आमच्या सोलापूरच्या छोट्या गटाकडे सल्ल्यासाठी येतात. त्यांच्यापैकी नेपाळमधल्या सिंधुपाल्चोकला गेलेल्या एका जोडप्याचा हा अनुभव त्यांच्या परवानगीने मांडत आहे. माणसे, गाव आणि संस्था ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. निर्णय कुठे अडला, कसा घेतला आणि त्यातून काय झाले, एवढ्यावर भर दिला आहे.

पार्श्वभूमी

दोघेही सोलापूरचे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. ते बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून. शाळेत त्यांना बाई म्हणत आणि साइटवर यांना अण्णा, म्हणून इथेही तेच.

बाईंची शेवटची बरीच वर्षे विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीलगतच्या शाळेत गेली. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी आणि वर्गात मराठी पुस्तक, अशी मुले त्यांनी शिकवली. गणितातला प्रश्न मुलाला येत नाही, की प्रश्नाची भाषा कळत नाही, हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. सोलापुरातल्या अनेक शिक्षकांना ही सवय आपोआप लागते. तिचे मोल मात्र इथे फारसे कुणी सांगत नाही.

अण्णांच्या नोकरीतला सर्वांत मोठा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे झोपली असताना लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर भूकंप झाला आणि हजारो माणसे स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली गेली. तिथली घरे दगडमातीची होती. दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंत जाड म्हणून लोक निर्धास्त होते. प्रत्यक्षात तिच्यात बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये दगडांच्या कपच्या व माती असे. दोन्ही थरांना बांधणारा लांब, आरपार दगड नसे. धक्का बसला की थर एकमेकांपासून सुटत आणि माळवद खाली येई. अण्णांनी पुढे घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या गवंड्यांबरोबर काम केले. भिंतीत आरपार दगड का हवा, हे ते आजही झोपेतून उठवले तरी सांगतील.

निवृत्तीनंतर मुले आपापल्या गावी, हातपाय धड, पेन्शन सुरू. शिकवणे आणि बांधणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी करता येतील का, असा विचार दोघांनी सुरू केला. सोलापूरकराला परदेशी सेवेची कल्पना परकी नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावात १९१० साली जन्मले आणि १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. त्यांच्या बाबतीतली एक गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. वैद्यकीय मदतीची मागणी चीनकडून आधी आली होती. सेनापती झू डे यांनी नेहरूंना तशी विनंती केली होती आणि तिच्यानंतर पथक निघाले. कोटणीस तिथली भाषा शिकले, तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. मागणी आधी आणि माणूस नंतर, हा क्रम पुढच्या हकिगतीत महत्त्वाचा आहे.

नेपाळ का

भारतीयांना नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालते. लिपी देवनागरी, मोठ्या माणसांना हिंदी समजते आणि अण्णांची भूकंपाची विद्या तिथे कामाची.

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. सुमारे नऊ हजार माणसे गेली. त्यांत सर्वाधिक बळी सिंधुपाल्चोक जिल्ह्यातले. पहिला भूकंप शनिवारी झाला. नेपाळमध्ये शनिवार हा साप्ताहिक सुटीचा दिवस असल्याने शाळा रिकाम्या होत्या. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण आत मुले नव्हती.

पुढे सरकारने घरबांधणीसाठी प्रत्येक लाभार्थी कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत द्यायचे ठरवले : करारानंतर पन्नास हजार, जोत्यापर्यंतचे काम तपासून दीड लाख आणि भिंती पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी करून एक लाख. घर भूकंपरोधक नियमांप्रमाणे नसेल तर पुढचा हप्ता नाही. भारतीय रुपयाचा तिथला दर १.६० असा बांधलेला आहे, त्यामुळे हे अनुदान आपल्या हिशेबाने एक लाख साडेसत्त्याऐंशी हजार होते.

जाण्यापूर्वीचा निर्णय

एका मध्यस्थ संस्थेने तीन महिन्यांची योजना पुढे ठेवली. बाईंनी डोंगराळ गावातल्या शाळेत पाहुण्या शिक्षिका म्हणून सहावी ते आठवीला गणित शिकवायचे, अण्णांनी इतर स्वयंसेवकांबरोबर भूकंपग्रस्तांची घरे बांधायची. दोघांचे मिळून शुल्क सव्वादोन लाख भारतीय रुपये. अर्धे आधी, अर्धे पोहोचल्यावर.

इथे पहिला निर्णायक टप्पा आला आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही. बाईंनी संस्थेला थंडी किती असते, दवाखाना किती लांब, जेवणात काय मिळते, संडास कसा आहे हे सगळे विचारले. अण्णांनी घराचा नकाशा मागवला, तो सरकारी नमुन्याप्रमाणे आहे याची खात्री केली. आता त्या वर्गांना गणित कोण शिकवते, हे दोघांनीही विचारले नाही. संस्थेच्या पत्रकात ‘शिक्षकांची तीव्र टंचाई’ असे छापले होते, ते त्यांनी खरे धरले. सव्वादोन लाखांतले किती गावात पोहोचतात, हे अण्णांनी एकदा फोनवर विचारले. ‘बहुतांश’ असे उत्तर आले. लेखी मागितले नाही.

त्या पत्रकात अनाथाश्रमात काम करण्याचाही एक पर्याय होता. तो बाईंनी स्वतःहून नाकारला आणि ते योग्यच केले. नेपाळमधल्या अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या पैशासाठी मुले घरापासून तोडून आणली जातात, असा इशारा युनिसेफने भूकंपानंतर दिला होता.

दसरा-दिवाळीसारखे दशैं आणि तिहार हे तिथले मोठे सण उरकल्यावर, नोव्हेंबर २०१८ च्या मध्याला दोघे निघाले. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, सुनौलीची सीमा, रात्रीच्या बसने काठमांडू आणि तिथून जीपने डोंगर चढून गाव. सामानात शेंगाचटणी, कडक भाकरी आणि बाईंची भूमितीची लाकडी पेटी.

अडचण : शाळेत

शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंना कळले की सहावी ते आठवीला गणित शिकवणारी शिक्षिका आधीच होती. गावातलीच, पंचविशीतली, विज्ञान शाखेची. मुलांपैकी बहुतेक तामाङ समाजाची, घरी तामाङ भाषा बोलणारी. तिला ती भाषा येत होती.

नेपाळमध्ये सरकारी मंजुरीच्या शिक्षकपदाला दरबंदी म्हणतात. दरबंदी अपुरी असली की शाळेची व्यवस्थापन समिती स्वतःच्या पैशातून शिक्षक नेमते, त्याला ‘निजी स्रोत’ म्हणतात. ही मुलगी निजी स्रोतातली. पगार महिन्याला आठ हजार नेपाळी रुपये. संस्थेने ‘तीन महिने भारतातून अनुभवी गणित शिक्षिका येत आहे’ असे कळवल्यावर समितीने तिला तेवढ्या काळासाठी घरी बसायला सांगितले होते. वाचलेल्या पैशातून संडासाचे पत्रे घातले होते. हेडसरांनी हे काही लपवले नाही. उलट, किती काटकसर केली म्हणून कौतुकाने सांगितले. त्यांच्या जागी बसून पाहिले तर त्यांचे फार चुकले असे मला वाटत नाही. मुलींच्या संडासावर छप्पर नव्हते आणि गणिताची शिक्षिका फुकट येत होती.

दुसरी गोष्ट वह्या तपासताना दिसली. त्याच वर्गांना आधीच्या वर्षात पाहुणे शिक्षक येऊन गेले होते. प्रत्येकाने अपूर्णांक पहिल्यापासून शिकवले होते. मुलांच्या वहीत अर्ध्या-पाव भागांची रंगवलेली वर्तुळे पुन्हा पुन्हा होती, आणि समीकरणांचा धडा कोराच. येणारा प्रत्येक जण सोप्यापासून सुरुवात करी आणि अवघडापर्यंत पोहोचण्याआधी परत जाई.

तिसरी गोष्ट पंचांगाची. त्या उंचीवरच्या शाळांना हिवाळ्यात मोठी सुटी असते. बाईंच्या तीन महिन्यांतला मोठा तुकडा त्या सुटीत जाणार होता. शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होऊन चैत्रात संपते, म्हणजे त्या वर्षाच्या शेवटाला येऊन परीक्षेआधीच निघून जाणार होत्या.

अडचण : बांधकामावर

घर एका वयस्कर विधवा बाईचे. मुलगा मलेशियात मजुरीला. त्या भागातले बरेच तरुण आखातात नाहीतर मलेशियात असतात, त्यामुळे पुनर्बांधणीच्या काळात गवंडी मिळणे हीच मोठी अडचण होती. जोत्यापर्यंतचे काम स्थानिक गवंड्याने, म्हणजे तिकडच्या डकर्मीने, चोख केले होते आणि दुसरा हप्ता मिळाला होता. भिंतीवर मात्र वेगवेगळ्या देशांतून आलेले कॉलेजवयीन स्वयंसेवक दगड रचत होते. मुले उत्साही, सकाळी थंडीतही वेळेवर हजर. हातात थापी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच धरलेली.

अण्णांनी ओळंबा लावला, तो ठीक होता. मग ते भिंतीवर वाकून वरून पाहू लागले. दोन बाजूंना दोन सुबक थर, मध्ये कपच्या आणि माती. किल्लारीची भिंत. त्यांनी अंगणात नजर फिरवली. दीड-दोन फुटी लांब दगड कुंपणाकडे वेगळे पडले होते. एकट्याला उचलत नाहीत म्हणून मुलांनी ते बाजूला टाकले होते आणि हातात मावणारे दगड निवडून भिंत वर नेली होती. जोत्यावर सुमारे तीन फूट.

दगडमातीच्या भिंतीत आरपार दगड उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर लागतो. वहीची पाने शिवणाऱ्या दोऱ्याचे काम तो करतो. त्याशिवाय जोते, खिडकीचा तळ, चौकटीचा माथा आणि छत या पातळ्यांवर आडवे पट्टे आणि कोपऱ्यांना जोड. पट्टे नकाशात होते. आरपार दगडही नकाशात होते, पण भिंतीत नव्हते. तपासणीत हे उघड झाले असते तर घरमालकिणीचा एक लाखाचा शेवटचा हप्ता अडकला असता. उघड झाले नसते तर त्याहून वाईट.

समोरचे पर्याय

रात्री यजमानांच्या घरी चुलीपाशी दोघे बोलत बसले. त्या बैठकीच्या नोंदी बाईंच्या डायरीत आहेत.

परत यावे, हा पहिला विचार. पैसे बुडाले तरी चालतील, पण कुणाचे पोट मारून सेवा नको, असे बाईंचे म्हणणे. अण्णांनी हरकत घेतली. आपण गेलो म्हणून त्या मुलीला लगेच बोलावणार नाहीत, कारण पैसे पत्र्यांत गेले आहेत. आणि भिंत आहे तशीच वर जाईल.

ठरल्याप्रमाणे काम करावे आणि जाताना सूचना लिहून द्याव्यात, हा दुसरा. सोपा, कुणी दुखावत नाही. बाईंना तो पटला नाही. ‘सूचना वाचणारा कोण?’ एवढेच डायरीत आहे.

त्या मुलीचा पगार आपल्या खिशातून द्यावा, हा तिसरा. यावर बराच वाद झाला. रक्कम छोटी : मंसिर (मार्गशीर्ष) ते चैत्र पाच महिन्यांचे चाळीस हजार नेपाळी, म्हणजे पंचवीस हजार भारतीय रुपये. पण पैसे थेट तिच्या हातात दिले की ती समितीची शिक्षिका न राहता पाहुण्यांची मोलकरीण ठरते, आणि वैशाखात पुन्हा प्रश्न तिथेच. अण्णांनी एक हिशेब मांडला. सव्वादोन लाख म्हणजे तीन लाख साठ हजार नेपाळी. एका अख्ख्या घराला सरकार देते त्याहून जास्त पैसा आपल्या दोघांच्या तीन महिन्यांवर जातो आहे. हे ऐकून बाई बराच वेळ बोलल्या नाहीत, असे अण्णा सांगतात.

चौथा पर्याय त्या हिशेबातूनच निघाला. शुल्काचा अर्धा भाग अजून द्यायचा होता. त्यातले चाळीस हजार नेपाळी शाळा समितीच्या खात्यात पावती घेऊन भरायचे, समितीने ठराव करून शिक्षिकेला परत बोलवायचे आणि बाईंनी तिच्या हाताखाली बसायचे.

प्रत्यक्षात काय केले

भिंतीचे काम आधी, कारण ती रोज वर चढत होती. इथे अण्णांनी घेतलेला एक निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ते समन्वयकाकडे गेले नाहीत, घरमालकिणीकडेही नाहीत. आधी गवंड्याकडे गेले, तेही काम सुटल्यावर, एकट्याने. गावात त्याच्या नावावर आणखी घरे बांधायची होती. चारचौघांत चूक काढली असती तर ती त्याच्या माथी बसली असती. गवंड्याने ऐकून घेतले आणि सांगितले की त्याला ठाऊक आहे. त्याने सरकारी प्रशिक्षण घेतले होते. पहिल्या दिवशी त्याने लांब दगड घालायला सांगितलेही होते, पण ‘पाहुण्यांना त्यांच्या गतीने करू द्या’ असे त्याला बजावले गेले होते. मजुरी संस्थेकडून येत असल्याने तो गप्प बसला.

मग दोघे मिळून समन्वयकाकडे गेले. त्याची अडचण वेगळी होती. त्या तुकडीचा निरोप चार दिवसांवर आला होता आणि मुलांना भिंत चौकटीपर्यंत गेलेली दाखवायची होती. अण्णांनी तपासणीचा तक्ता पुढे ठेवला आणि हप्ता अडकला तर घरमालकिणीला उत्तर कोण देणार, असे विचारले. तीन फूट भिंत जोत्यापर्यंत उतरवायची ठरली.

मुलांना हे सांगणे अवघड होते. दोन मुली रडल्या. अण्णांनी एका दगडावर दोन उभे थर रचून दाखवले, मधून कपच्या भरल्या आणि पायाने बाजूने हलका धक्का दिला. मग तेच आरपार दगड घालून. त्यानंतर कुणी वाद घातला नाही. दोघे-दोघे मिळून लांब दगड उचलून आणणे, दगड निवडणे, माती चाळून मळणे ही कामे मुलांनी घेतली. दगड लावायचा तो गवंडी आणि त्याच्या दोन साथीदारांनी. शेजारच्या घरातली माणसेही मध्येच हात लावून जात. तिकडे पर्म नावाची रीत आहे, आपल्या सावडीसारखी : आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे.

शाळेचा प्रश्न सुटायला वेळ लागला. हेडसरांना बाईंचा हट्टच कळेना. अनुभवी शिक्षिका वर्गावर उभी राहायला तयार नाही आणि मागच्या बाकावर बसते म्हणते! बाईंनी त्यांना वह्यांमधली वर्तुळे दाखवली. समितीची बैठक झाली, ठराव झाला. वैशाखापासूनच्या पगारासाठी गाउँपालिकेकडे, म्हणजे तिथल्या ग्रामीण पालिकेकडे, मागणी करायची, हेही ठरावात लिहून घेतले. नेपाळच्या २०१५ च्या संविधानानंतर शाळा स्थानिक पालिकांच्या अखत्यारीत आल्या आहेत, त्यामुळे ही मागणी कुठे करायची ते स्पष्ट होते.

संस्था मात्र संतापली. करारात शुल्काचा असा वापर बसत नव्हता. बरीच फोनाफोनी झाल्यावर चाळीस हजार नेपाळी वजा करून उरलेली रक्कम घ्यायला ती तयार झाली, दोघांना प्रमाणपत्र मिळणार नाही या अटीवर. अण्णांनी ती लगेच मान्य केली.

मध्येच एक वेगळीच अडचण उपटली. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. यांच्याकडची राखीव रक्कम पाचशेच्या नोटांत. काठमांडूला जाऊन एटीएममधून नेपाळी रुपये काढून आणावे लागले.

शिक्षिका परत आली. पहिले काही दिवस अवघडलेले गेले. पाठीमागे बसलेली बाई आपले मोजमाप करते आहे, असे तिला वाटे. बाईंनी मग एक केले : तिच्याकडून रोज संध्याकाळी तामाङमधले गणिताचे शब्द शिकायला सुरुवात केली. कमी, जास्त, वाटणी, उरले. बाईंच्या चुकांवर शिक्षिका मनमोकळी हसू लागली तेव्हा गाडी रुळावर आली. अपूर्णांक सोडून थेट समीकरणांना हात घालायचे दोघींनी ठरवले. सुटी लागली तेव्हा पुढच्या धड्यांची टिपणे काढली.

पायथागोरसचा धडा शिक्षिकेनेच रचला. घरबांधणीवर गवंडी दोरीने काटकोन काढतो हे तिने लहानपणापासून पाहिले होते. तिने बारा सारख्या भागांवर गाठी मारलेली दोरी केली आणि आठवीला घेऊन शेजारच्या घराच्या आखणीवर गेली. तीन भाग एका बाजूला, चार दुसऱ्या, पाच तिरपे. दोन कोपरे जुळले. उरलेले दोन जुळेनात, एक खुंटी चार बोटे बाहेर. मुलांनी पुन्हा मोजले, मग गवंड्याला बोलावले. त्याने गुण्या लावून पाहिला, खुंटी उपटली आणि चार बोटे आत ठोकली. त्या दिवशी अण्णा आणि बाई दोघेही बाजूला उभे होते. दोघांपैकी कुणी काही शिकवले नाही.

परिणाम

घराच्या भिंती फेब्रुवारीत छतापर्यंत गेल्या. तपासणी झाली आणि शेवटचा हप्ता दोघे परतल्यानंतर, चैत्रात जमा झाला. घर एकाच खोलीचे आहे. अनुदानात तेवढेच बसते, म्हणून तिथल्या पुष्कळ कुटुंबांनी एकखोली घरे बांधली. स्वयंपाक आणि धान्य अजून पत्र्याच्या शेडमध्ये. अण्णांना हे आजही खुपते. किल्लारीनंतरच्या नव्या वसाहतींतही बैल कुठे बांधायचा आणि कडबा कुठे ठेवायचा, असे लोक विचारत होते.

शिक्षिकेने वर्ष पूर्ण केले. गाउँपालिकेने नव्या सत्रात तिचा पगार मंजूर केला, पण सहाच महिन्यांचा. पुढच्या सहा महिन्यांचे समितीने कसेबसे जमवले. ती शिक्षक सेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते. एकदा बसली, झाली नाही. बाई तिला फोनवरून गणित समजावून सांगतात. कोविडच्या काळात सीमा बंद असतानाही त्यात खंड पडला नाही.

संस्थेने मात्र त्याच शाळेत पुढच्या सत्रात इंग्रजीसाठी नवे पाहुणे शिक्षक पाठवले. समितीने त्यांना होकार दिला, कारण बरोबर वीस बाकेही येणार होती. हेडसरांनी हे बाईंना स्वतः फोन करून सांगितले. इंग्रजीच्या शिक्षकाला यावेळी घरी बसवले नाही, हेही सांगितले. एवढा फरक पडला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सोलापुरातच, पैसे भरण्याआधी विचारायचा होता आणि तोही संस्थेला नव्हे, शाळेला. हेडसरांचा नंबर मागून एक फोन केला असता तर निजी स्रोतातल्या शिक्षिकेची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली असती, कारण ते काही लपवत नव्हते. आता आमच्याकडे कुणी आले की आम्ही हाच फोन आधी करायला लावतो. सध्या हे काम कोण करते? आम्ही आल्यावर तो काय करेल? आम्ही गेल्यावर कोण करेल? मध्यस्थ नंबर द्यायला तयार नसेल तर तिथेच थांबा, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

वेळही चुकली. शिक्षकाने जायचे तर वैशाखात, सत्राच्या सुरुवातीला. बांधकाम करणाऱ्याने मात्र पावसाळा आणि शेतीची घाई संपल्यावर, म्हणजे हे दोघे गेले त्याच सुमारास. नवरा-बायकोने एकत्र जायचे म्हटले की दोन्हींपैकी एक गैरसोयीचे होते, हे आधी मान्य करायला हवे होते.

शुल्काच्या बाबतीत माझे मत अण्णांपेक्षा वेगळे आहे. पैसे शाळेकडे वळवण्याचा त्यांचा हेतू योग्य होता, पण समितीत ठराव होईपर्यंत त्यांनी संस्थेला काही कळवले नाही. आधी लेखी कळवले असते तर राहण्या-जेवणाची सोय धोक्यात येण्याचा प्रसंग टळला असता. त्या वादाच्या दिवसांत यजमान कुटुंबावर दोन्हीकडून दडपण होते. त्यांचा यात काही संबंध नव्हता. दुसऱ्या एखाद्या देशात, जिथे पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करणेच बेकायदा असते, तिथे असा वाद थेट हद्दपारीपर्यंत जाऊ शकतो. नेपाळमध्ये इतर देशांच्या पर्यटकांनाही हाच नियम आहे. भारतीयांना मोकळीक असल्याने हे दोघे निभावून गेले.

अण्णांनी पहिल्या दिवशी भिंत वरून पाहिली नाही, ओळंबाच लावला आणि दुसरे दिवशी वाकून पाहिले, हे ते स्वतः सांगतात. मला त्यात दोष दिसत नाही. मला जास्त वाटते ते गवंड्याच्या गप्प बसण्याचे. प्रशिक्षित माणूस शेजारी उभा असताना अननुभवी हातांना भिंत दिली गेली, कारण पैसे त्या हातांच्या मागून येत होते. स्वयंसेवकांची तुकडी गवंड्याच्या हुकमाखाली असेल, हे करारात पहिल्या ओळीत असायला हवे.

पुन्हा जायचे का, यावर घरात अजून एकमत नाही. अण्णांचे म्हणणे, प्रवासखर्च आणि शुल्क मिळून जेवढे होते तेवढे पैसे थेट समितीच्या खात्यात पाठवावेत, एका शिक्षिकेचा पावणेचार वर्षांहून अधिक पगार निघतो. बाईंचे म्हणणे, पैशाने पगार होतो, पण समीकरणांच्या धड्यावर ती अडली तेव्हा शेजारी कुणी बसले होते म्हणून ती पुढे गेली. त्यांना संस्थेशिवाय, समितीच्या पत्रावर, वैशाखात एकटीने जायचे आहे. तसे पत्र मागवणारा मसुदा त्यांनी लिहून ठेवला आहे. तो आधी त्या शिक्षिकेला वाचून दाखवायचा आणि तिने हो म्हटले तरच हेडसरांकडे पाठवायचा, असे त्यांनी ठरवले आहे.